पीएलझेडटी चकती: फील्ड काढल्यावर मागे काय उरतं?

जोडणी आता स्थिर आहे. दोन पोलरायझर एकमेकांशी काटकोनात, मध्ये पीएलझेडटी ९/६५/३५ ची (शिसं, लॅन्थॅनम, झिर्कोनियम आणि टायटॅनियमचं ऑक्साइड; आकडे अनुक्रमे लॅन्थॅनम, झिर्कोनियम, टायटॅनियमच्या प्रमाणाचे) पारदर्शक सिरॅमिक चकती, पलीकडे फोटोडायोड. चकतीवर सिल्व्हर पेस्टच्या दोन पट्ट्या, त्यांत १ मिलिमीटरची फट, आणि विद्युत फील्डची दिशा पोलरायझरशी ४५ अंशांत. सप्लायचे सुटे भाग पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मिळाले. ५०० व्होल्टला फटीत साधारण ५ किलोव्होल्ट प्रति सेंटिमीटर फील्ड तयार होतं. पट्ट्या एकाच बाजूला असल्यामुळे खोलवर ते कमी होत जातं. करून बघणाऱ्यांनी १ मेगाओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घालाच. चकतीत शिसं असतं, ती घासू नका.

व्होल्टेज शून्य असताना अंधार. आत नॅनोमीटर आकाराचे ध्रुवित (धन-ऋण भार किंचित सरकलेले) भाग असतातच, पण सगळ्या दिशांना विखुरलेले, त्यामुळे प्रकाशाला सरासरीने घनाकृती रचनाच भेटते. फील्ड वाढलं की ते भाग एका दिशेला झुकतात आणि उजेड येतो. प्रकाशाचा फेज-फरक (त्याच्या दोन काटकोनी घटकांतलं मागे-पुढे होणं) फील्डच्या वर्गाप्रमाणे वाढतो, आणि उजेड त्या फरकाच्या वर्गाप्रमाणे, म्हणून फील्ड दुप्पट केलं की सुरुवातीच्या टप्प्यात उजेड जवळजवळ सोळापट व्हायला हवा. माझा आलेख खालच्या भागात या चढाला बऱ्यापैकी धरून आहे, आणि तो कागदावर उमटताना पाहून फार आनंद झाला.

मला खरा रस मात्र व्होल्टेज काढल्यानंतरच्या भागात आहे. दुपारी तापलेल्या खोलीत उजेड लगेच मावळतो. डिसेंबरातल्या पहाटे, खिडकी उघडी ठेवून घेतलेल्या नोंदींत तो रेंगाळतो. थंडीत ते भाग सुस्तावतात आणि फील्डने लावलेली शिस्त सहज सोडत नाहीत, असं मी याचं कारण धरतो.

याचं टोकाचं रूप पीएमएनमध्ये (लेड मॅग्नेशियम नायोबेट) दिसतं. स्मोलेन्स्कींच्या गटाने १९५० च्या दशकात अभ्यासलेलं हे मूळ रिलॅक्सर (असे विखुरलेले ध्रुवित भाग असलेलं) द्रव्य. त्याचा स्फटिक फील्डशिवाय कितीही थंड केला तरी सरासरीने घनाकृतीच राहतो; १११ दिशेला (घनाच्या कर्णाच्या दिशेला) सुमारे पावणेदोन किलोव्होल्ट प्रति सेंटिमीटरच्या वर फील्ड ठेवून थंड केला, तर फेरोइलेक्ट्रिक होतो, म्हणजे ध्रुवण एका दिशेला कायम राहतं.

पुढचा तुकडा ८/६५/३५ चा हवा आहे. लॅन्थॅनम एक टक्का कमी, आणि फील्डने आणलेला क्रम फील्ड गेल्यावरही टिकतो. तो हळूहळू तापवत उजेड कुठल्या तापमानाला कोसळतो, ते मोजायचं आहे. कुणाकडे छोटा तुकडा असेल तर कळवा.