टेबलावरचे दोन ब्रॅकेट

भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी तेव्हा क्वालिटी बघायचो. २००२ चा पावसाळा होता. एका परदेशी मोटार कंपनीच्या परचेसवाल्यांनी काकांना बोलावलं (मालकांना सगळे काकाच म्हणायचे), ड्रॉइंगची फाइल घेऊन मी मागोमाग. टेबलावर दोन ब्रॅकेट होते, एक आमचा, एक परदेशातून आलेला. ड्यूटी भरूनही तो स्वस्त पडत होता. "रेट जुळवा, नाहीतर तिकडून मागवतो."

माझं डोकं फिरलं. तीन वर्षांपूर्वी हीच माणसं आमच्याकडे चहा पीत बसली होती! काका म्हणाले, "तेव्हा काय आपल्या कामावर भाळले होते?" तेही खरंच. डिसेंबर १९९७ च्या नियमामुळे परदेशी मोटार कंपन्यांना तिसऱ्या वर्षापर्यंत ५० आणि पाचव्यापर्यंत ७० टक्के देशी भाग वापरू, असं सरकारला लिहून द्यावं लागे. त्या टक्केवारीत आम्ही बसलो. त्याविरुद्ध अमेरिका आणि युरोप जागतिक व्यापार संघटनेत तक्रार घेऊन गेले, २००१ मध्ये अट उठली. पुढच्या मार्चच्या वाहन धोरणाने १०० टक्के परदेशी मालकीलाही थेट मंजुरी दिली. परदेशी मालकी ४० टक्क्यांवर रोखणाऱ्या फेरा कायद्यापायी १९७७ मध्ये कोका-कोला गाशा गुंडाळताना काकांनी पाहिली होती. आता वारं उलटं होतं.

घासाघीस न करता काका म्हणाले, "हा पीस आजच्या रात्रीपुरता देता?"

रात्री टूलरूममध्ये तो भिंगाखाली धरला. दोन्ही टोकांना पत्र्याच्या पट्टीपासून तुटल्याची बारीक खूण. प्रोग्रेसिव्ह डाय, सगळी कामं ओळीने करणारा एकच साचा! आमच्याकडे ब्लँकिंग (आकार कापणं), पिअर्सिंग (भोक पाडणं), दोन बेंड. चार डाय, चार प्रेस, चार माणसं. तिकडे पट्टी एकाच डायमधून पुढे सरकते आणि दर ठोक्याला तयार ब्रॅकेट पडतो. मजुरी स्वस्त असूनही आम्ही महाग का, ते कळलं. शिवाय आमचा पीस चार वेळा नव्याने बसवायचा म्हणजे भोकाची जागा थोडी थोडी हलणारच. त्या रिजेक्शनसाठी मी वर्षभर ऑपरेटरांना बोल लावत होतो.

सकाळी काकांनी पीस पुसून परत दिला. रेटबद्दल चकार शब्द नाही. सहा महिने मागितले, तीन मिळाले.

रिक्षात म्हणाले, "डायच्या कर्जाला बँक तारण काय मागेल रे?"

मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, "घर."