डावा हात आणि शोपँ

मी सोलापुरात लहानपणी पेटी शिकले. तिच्यावर डावा हात भाता सांभाळतो आणि गाणे सगळे उजव्या हातात असते. ही सवय इतकी मुरली होती की पोलिश संगीतकार शोपँचा ई मायनर या स्वरश्रेणीतला प्रेल्यूड, म्हणजे पियानोची छोटी रचना (ओपस २८, क्रमांक ४), शिकायला घेतला, तेव्हा मी आधी उजव्या हाताचेच स्वर पाठ केले. आरंभी तेथे चाल दोनच स्वरांमध्ये घुटमळते. खरी हालचाल डाव्या हातात आहे: कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे काही स्वर, सम लयीत वाजत राहतो आणि त्यातला एखादा स्वर हळूच अर्ध्या स्वराने खाली उतरतो, त्यामुळे वरचा तोच स्वर दर वेळी निराळा भासतो. तानपुऱ्याच्या अचल षड्जावर वाढलेल्या माझ्या कानाला हा सरकता आधार स्वीकारायला कित्येक आठवडे लागले.

१८३९ मध्ये प्रसिद्ध झालेली ही रचना जेमतेम एका पानाची आहे. पेटीचा सूर भात्यात हवा असेपर्यंत टिकतो, पियानोचा मात्र वाजताक्षणी विरू लागतो. म्हणून पुढचा स्वर त्या विरत्या सुराला जुळेल इतक्याच वजनाने लावावा लागतो.

रात्री शेजारचे यंत्रमाग थांबले की मी सरावाला बसते. शेवटच्या तीन मंद कॉर्डांआधीचा विराम मला अजून पुरेसा लांब धरता येत नाही.