तुम्ही विचारलंत म्हणून: झूम नसलेल्या कॅमेऱ्याशी खानदेशात कसं जमवायचं

गळ्यात हा चपटा, जुन्या वळणाचा कॅमेरा दिसला की जळगावात विचारतात, ‘भाऊ, एवढे पैसे टाकले अन् झूमपण नाही?’ धुळ्याकडे गेलं की तोच प्रश्न अहिराणीत येतो, ‘यामा झूम नही शे का भो?’ आणि ज्यांनी असा कॅमेरा नुकताच घेतलाय, बहुतेक वेळा जुन्या बाजारातून, ते वेगळं विचारतात: फोटो कधी पांढरेफटक येतात, कधी फोकस मागच्या भिंतीवर जातो, स्क्रीन अचानक काळी पडते. कॅमेरा बिघडलाय का?

बहुतेक वेळा नाही. इथे मुख्यतः फुजीफिल्मच्या एक्स१०० घराण्याबद्दल लिहितोय, कारण आपल्याकडे विचारणा त्याचीच जास्त. पहिला एक्स१०० २०११ साली बाजारात आला, मग २०१३ ला एस, २०१४ ला टी, २०१७ ला एफ, २०२० ला व्ही आणि २०२४ ला सहावा. सगळ्यांत २३ मिमी, एफ/२ची एकच लेन्स, कायमची बसवलेली (एफ/ चा आकडा म्हणजे उजेड आत येण्याच्या भोकाचं, अपर्चरचं माप; आकडा लहान तेवढं भोक मोठं). एफ मॉडेलपर्यंत तिची रचना तीच राहिली, व्हीपासून बदलली. जवळपास सगळ्या खोड्यांचं मूळ तीन गोष्टींत आहे: लेन्स निघत नाही, शटर लेन्सच्या पोटात आहे, आणि तुम्ही बघता ती खिडकी लेन्सच्या बाजूला आहे.

झूमचा प्रश्न आधी मिटवू. सेन्सरची, म्हणजे आत जिथे चित्र पडतं त्या पट्टीची रुंदी साडेतेवीस मिमीच्या आसपास आणि लेन्स २३ मिमी. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, म्हणून हिशेब फार सोपा आहे: जेवढं अंतर, तेवढी चौकटीची रुंदी. तीन मीटरवर उभे राहिलात तर तीन मीटर रुंदीचं दृश्य येतं आणि दोन मीटर उंचीचं. उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत आडवा फोटो हवा असेल तर तीन मीटर लागतात, कॅमेरा उभा धरला तर दोन पुरतात. केळीच्या घडाचं वजन करणारे चार मजूर काट्याभोवती उभे आहेत, सगळे मिळून अडीच मीटरात मावतात, तर तुम्हीही अडीच-तीन मीटरवर हवेत. हे अंतर पावलांत बसवून घ्या. साधारण माणसाचं मोठं पाऊल पाऊण मीटरचं, म्हणजे चार पावलं म्हणजे तीन मीटर. आठवडाभर घराच्या ओट्यावरून मोजलंत तरी डोळा तयार होतो आणि कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच चौकट दिसायला लागते.

जमणार नाही ते जमणार नाही. अमळनेरला बोरीच्या पात्रात यात्रा भरलीय आणि तुम्हाला काठावरून रथाचा कळस टिपायचाय, तर हा कॅमेरा घरी ठेवा. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोड्याचा चेहरा हवा म्हणून अर्ध्या मीटरवर नेलात तर नाक गाढवाएवढं आणि कान चिमणीएवढे येतील. दीड-दोन मीटरवर थांबा, शेजारी मालकही येऊ द्या आणि नंतर हवा तेवढा भाग कापून घ्या. घोड्याच्या मागे कधीच नाही, हे सांगायला कॅमेऱ्याचं ज्ञान लागत नाही.

त्या बाजारात घोडे सारखे हलतात आणि ऑटोफोकस, विशेषतः पहिल्या दोन मॉडेलांचा, मागे राहतो. तिथे फोकस हातानं ठरवून टाकावा. फोकसचं बटण मॅन्युअलवर, अपर्चर एफ/८, अंतर दोन मीटर. सव्वा मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळं कामापुरतं स्पष्ट येतं. कॅमेऱ्याच्या पट्टीवर याहून खूप अरुंद भाग दाखवला जाईल, कारण तिचा हिशेब कडक असतो. छापायला किंवा मोबाईलवर बघायला आपला हिशेब चालतो. लेन्सवरचं फोकसचं कडं फिरवत बसू नका. ते थेट काचेला जोडलेलं नाही, नुसता इशारा देतं आणि कितीही फिरवलं तरी हळूच सरकतं. मॅन्युअलवर असतानाच एएफ-एल बटण दाबलं की कॅमेरा एकदा स्वतः फोकस करून तिथेच थांबतो. दोन मीटरवरच्या एखाद्या खुंटावर ते एकदा दाबायचं आणि मग तासभर फोकस विसरायचा.

आता खिडकीचं. काचेतून बघायचा ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर डावीकडे वर आहे, लेन्स उजवीकडे खाली. दूरच्या गोष्टीला फरक पडत नाही. एक मीटरवर पडतो: तुम्ही चौकोन आजीच्या चेहऱ्यावर ठेवता आणि कॅमेरा प्रत्यक्षात थोडं उजवीकडे खाली बघत असतो, तिथे चेहरा संपून मागचा कूड असेल तर फोकस कुडावर. मेनूत ‘करेक्टेड एएफ फ्रेम’ नावाचा पर्याय आहे, तो चालू केला की जवळच्या अंतरासाठी दुसरा चौकोन दिसतो. तरीही मीटरभराच्या आत गेलात की पुढचा खटका ओढून इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरवर या. पहिल्या एक्स१०० मध्ये साधारण ८० सेंटिमीटरच्या आत मॅक्रो (अगदी जवळच्या फोटोची सोय) चालू केल्याशिवाय फोकस बसतच नाही. त्यात बिघाड काही नाही. अगदी जवळ, वीतभर अंतरावर एफ/२ ठेवला तर जुन्या लेन्सचं चित्र दुधाळ येतं, कडांना धुकं चढतं. एफ/४ केला की धुकं जातं. व्हीच्या नव्या लेन्समध्ये हे बरंच सुधारलंय.

पांढऱ्याफटक फोटोंचं मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण आपल्या उन्हात ते रोजचं आहे. शटर लेन्सच्या आत, पाकळ्यांचं आहे. भोक मोठं असलं की पाकळ्यांना जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून वेग कमी. पहिल्या एक्स१०० मध्ये एफ/२ ला १/१००० सेकंद, एफ/४ ला १/२०००, आणि १/४००० फक्त एफ/८ पासून पुढे. आता भुसावळचं बाराचं ऊन घ्या. आयएसओ (सेन्सर उजेड किती टिपतो त्याचं माप) २०० ला एफ/१६ आणि १/२०० हा भर उन्हाचा जुना हिशेब. तिथून एफ/२ पर्यंत सहा स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे १/१२८०० वेग हवा. कॅमेरा देतो १/१०००. आकडा लाल होतो, आपण बघत नाही, फोटो जळतो.

उपाय कॅमेऱ्यातच आहे. आत उजेड कापणारा तीन स्टॉपचा एनडी फिल्टर आहे, व्हीपासून चार स्टॉपचा. तो मेनूत शोधत बसण्यापेक्षा एफएन बटणावर नेमून ठेवा. तीन स्टॉप कापल्यावरही एफ/२ ला १/१६०० लागतो, म्हणजे अजून थोडं जळणारच. एफ/२.८ ला १/८००, तिथे जमलं. सावलीत गेल्यावर फिल्टर काढायला विसरणं ही यातली नेहमीची चूक. घरात फोटो हलायला लागले की आधी तोच तपासा. टीपासून व्हीपर्यंत इलेक्ट्रॉनिक शटर १/३२००० पर्यंत जातं, सहाव्यात त्याहूनही पुढे, पण ते चित्र ओळीओळीनं वाचतं. पळत्या घोड्याचे पाय तिरपे होतात आणि फ्लॅश चालत नाही. उभ्या देवळाला चालेल.

दुसरा सापळा डायनॅमिक रेंजचा (डीआर), म्हणजे उजळ भाग जळू न देण्याच्या सोयीचा. पांढरं धोतर, पांढरी टोपी वाचावी म्हणून डीआर४०० लावलं जातं. त्याला आयएसओ किमान ८०० लागतो (डीआर२०० ला ४००, एफपर्यंतच्या मॉडेलांत). म्हणजे ऊन आणखी दोन स्टॉपनं वाढल्यासारखं झालं: एफ/८ लाच १/३२०० हवा, एफ/५.६ ला शटर हात टेकतं. टोपी वाचवायला गेलो आणि अख्खा माणूस गेला. उन्हात डीआर४०० हवंच असेल तर एनडीसोबत, नाहीतर डीआर१०० ठेवून एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजेड) वजा दोन तृतीयांश स्टॉप.

आणि याच शटरची मोठी देणगीही उन्हातच कळते. पडद्याच्या शटरचे कॅमेरे साधारण १/२०० च्या वर फ्लॅशशी जुळत नाहीत, म्हणून दुपारी एफ/१६ वर जावं लागतं आणि तिथे छोटा फ्लॅश पोचत नाही. इथे एफ/८, १/१०००, आयएसओ २०० लावा, फ्लॅश चालू. वेग ऊन कापतो, फ्लॅशला कापत नाही. डोक्यावरच्या पदराखाली किंवा रुमालाखाली काळा पडलेला चेहरा मीटरभरावरून नीट उजळतो आणि मागचं आभाळही टिकतं. फ्लॅश वजा दोन तृतीयांशवर ठेवा, नाहीतर लग्नाच्या अल्बमसारखं दिसतं. एनडी लावला तर तो फ्लॅशही तेवढाच कापतो, हे लक्षात असू द्या.

नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या हा सगळ्यांचा आवडता विषय आणि सगळ्यांचा फसणारा. लाल रंग इतका दाट असतो की एकूण उजेड बरोबर असूनही लाल वाहिनी (कॅमेऱ्यातली लाल रंगाची नोंद) भरून जाते. मिरच्यांचे देठ-सुरकुत्या जाऊन नुसता लाल लगदा उरतो. एकूण उजेडाच्या आलेखात ते कळत नाही. कॅमेऱ्यातल्या रंगांच्या तयार पर्यायांपैकी भडक वेल्व्हिया बंद, साधा प्रोव्हिया ठेवा, रंग एक घर खाली, एक्स्पोजर दोन तृतीयांश खाली. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची जुळवणी) ऑटोवर नको, कारण तो लालीला उजेडाचा रंग समजून चित्र निळसर-हिरवट करतो आणि मिरच्या पसरवणाऱ्या बायांचे चेहरे निर्जीव दिसतात. उन्हाचा ठरलेला पर्याय निवडा. केळीच्या बागेत उलटं: पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा, माणसं आजारी दिसतात. व्हाइट बॅलन्सच्या चौकटीत लाल दोन आणि निळा दोन घरं वाढवले की हिरवा दबतो. बागेबाहेर पडल्यावर परत शून्य.

धुळीबद्दल. लेन्स निघत नाही म्हणून आत धूळ जातच नाही, असं विकणारे सांगतात. कमी जाते, एवढंच खरं. रिकोच्या जीआरसारख्या कॅमेऱ्यात लेन्स बाहेर येते-आत जाते, भात्यासारखी हवा ओढते, आणि त्यासोबत जिनिंगची रुई आणि रस्त्याचा फुफाटाही. एक्स१०० मध्ये तो भाता नाही, पण एकदा सेन्सरवर कण बसला की लेन्स काढून झटकण्याची सोयही नाही, कॅमेरा उघडावाच लागतो. धूळपाण्यापासून बंदोबस्त व्हीपासूनच, तोही पुढे अडॅप्टर रिंग आणि ४९ मिमीचा प्रोटेक्टर फिल्टर लावला तरच. आधीच्या मॉडेलांनाही तीच जोडी लावून ठेवा. सील नाही मिळणार, पण रुई पुढच्या काचेऐवजी फिल्टरवर बसेल.

ही रिंग लावायला लेन्सभोवतीचं सजावटीचं कडं काढावं लागतं आणि आट्यांत धूळ बसली की ते हलत नाही. चिमटीत धरून पिळलं तर कडं किंचित लंबगोल होतं आणि आणखी घट्ट बसतं. धुतलेल्या रबरी चपलेचा तळवा कड्यावर सपाट दाबा आणि घड्याळाच्या उलट फिरवा. दाब सगळीकडे सारखा पडतो, निघतं. मिरचीच्या पथारीवरून आल्यावर फुंकर तोंडानं मारू नका, रबरी ब्लोअर वापरा, मगच कापड. आणि त्या कापडानं डोळे पुसू नका.

स्क्रीन अचानक काळी पडते त्याचं कारणही बहुतेक वेळा रुईच असतं. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी डोळा जवळ आल्याचं ओळखणारं छोटं काळं सेन्सर आहे. त्याच्यावर तंतू चिकटला किंवा घामाचा थेंब बसला की कॅमेऱ्याला वाटतं तुम्ही खिडकीतून बघताय. पुसलं की स्क्रीन परत येते.

मे महिना. या कॅमेऱ्यांची कामाची ठरवून दिलेली मर्यादा ४० अंश सेल्सिअस आहे, आणि जळगाव-भुसावळला ती दुपारी सहज ओलांडली जाते. कॅमेरा चालतो, पण सेन्सर तापला की गडद भागात दाणे वाढतात, बॅटरीही लवकर बसते. मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. पांढऱ्या सुती रुमालात गुंडाळून पिशवीत, सावलीत. मागची स्क्रीन बंद करून काचेतून बघितलं की बॅटरी वाचते आणि उष्णताही कमी. तीन बॅटऱ्या लागतातच: टीपर्यंत एनपी-९५, एफपासून एनपी-डब्ल्यू१२६एस, आणि दोन्ही एकमेकींच्या जागी बसत नाहीत. जुन्या मॉडेलात बॅटरी उलटीही आत जाते आणि कॅमेरा मेल्यासारखा वाटतो. श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवाच्या रात्री एसी गाडीतून थेट गर्दीच्या घरात गेलात तर लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा बंद पिशवीत पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या. आत दिव्यांच्या उजेडात एफ/२, १/६०, आयएसओ ३२०० पासून सुरू करा. पाकळ्यांचं शटर इतकं हळू वाजतं की गाणाऱ्या बायांना कळतही नाही, म्हणून आधी विचारून घ्या.

पिशवीतून काढल्यावर उजव्या कोपऱ्यातली एक्स्पोजरची चकती बघायची सवय लावा, घासून ती सहज फिरते.

जुना घेत असाल तर विक्रेत्यासमोर दोन फोटो काढा. एकाच भिंतीचा, अपर्चर हातानं ठरवून, शटर ऑटोवर: एक एफ/४, एक एफ/१६. दोन्ही सारखे उजळ आले पाहिजेत. एफ/१६ चा पांढरा पडला तर अपर्चरची पाती अडकतायत. पहिल्या एक्स१०० चं हे प्रसिद्ध दुखणं आहे, दुरुस्ती लेन्सच्या पोटात आहे आणि स्वस्त नाही. मग बाहेर या. एफ/१६ तसाच ठेवा, फोकस मॅन्युअल करून अगदी जवळ आणा, कॅमेरा आभाळाकडे धरा. एप्रिलमध्ये आपलं आभाळ धुळीनं इतकं पांढरं असतं की याहून चांगला पडदा नाही. फोटो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवत बघा. करडे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. एखादा ठिपका असेल तर भाव करा, डझनभर असतील तर कॅमेरा परत द्या.