वेदीकडे पाठ करून

वसईतल्या आमच्या चर्चच्या सुरक्षेसाठीच्या स्वयंसेवक पथकात एक नियम आहे. ड्युटीवर असलेल्याने वेदीकडे पाठ करून उभं राहायचं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कानांनी ऐकायची, डोळे लोकांवर ठेवायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण लहानपणापासून हात जोडून समोर बघायची सवय असलेल्या माणसाला ते भारी अवघड जातं. मला अजूनही जातं.

पथक 2019 नंतरचं. त्या वर्षी 21 एप्रिलला, ऐन ईस्टरच्या सकाळी, श्रीलंकेत तीन चर्च आणि कोलंबोतली मोठी हॉटेलं स्फोटांनी हादरली. अडीचशेहून जास्त माणसं गेली. नेगोंबोच्या सेंट सेबास्टियन चर्चच्या कॅमेऱ्यात पाठीवर जड सॅक घेतलेला एक माणूस आवारातून निवांत चालत येताना दिसतो, वाटेत एका लहान मुलीच्या डोक्यावर हातही ठेवतो. हा व्हिडिओ वसईत घरोघरी मोबाईलवर फिरला. मला मात्र त्याच दिवसाची दुसरी गोष्ट जास्त लागली. बट्टिकलोआच्या झायन चर्चमध्ये रमेश राजू नावाच्या गृहस्थांनी सॅकवाल्या अनोळखी माणसाला दारातच अडवलं, आत येऊ दिलं नाही. स्फोट बाहेर झाला. रमेश गेले, अंगणातली मुलं गेली, पण आतलं भरलेलं चर्च वाचलं. रमेश ना पोलीस होते ना रखवालदार. प्रार्थनेला आलेला साधा माणूस.

टेक्सासमधला माझा मामेभाऊ म्हणतो, त्यांच्या चर्चमधले स्वयंसेवक कोटाखाली पिस्तूल बाळगतात. 2019 च्याच डिसेंबरात तिथल्या व्हाइट सेटलमेंट गावात भर प्रार्थनेत एकाने दोघांना गोळ्या घातल्या आणि जॅक विल्सन या स्वयंसेवकाने सहा सेकंदांत त्याला टिपलं, हे तो मला दर फोनला ऐकवतो. ऐकून घेतो. आमच्याकडे हत्यार म्हणजे शिट्टी.

ईस्टरच्या आधी पोलीस ठाण्यात बैठक झाली. सूचना रास्त होत्या: प्रवेश एकाच गेटने द्या, बाकीची बंद ठेवा, बॅगा तपासा. सगळ्यांनी माना डोलावल्या. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले आमचे काका तेवढे गप्प. बाहेर रिक्षा स्टँडपाशी आल्यावर म्हणाले, "एलफिन्स्टनला बॉम्ब नव्हता रे. जिना होता."

29 सप्टेंबर 2017, मुंबईचं एलफिन्स्टन रोड स्टेशन. पाऊस, अरुंद पूल, कुणीतरी काहीतरी ओरडलं आणि 23 माणसं चेंगरून मेली. विरार लोकलने रोज जा-ये करणाऱ्या आम्हा लोकांना तो जिना वेगळा सांगावा लागत नाही. काकांचा मुद्दा सरळ होता. आत येणाऱ्याला गाळायचं म्हणून गेटं बंद केली, तर बाहेर पडणाऱ्याला वाट कुठली? बराच वाद झाला. शेवटी ठरलं की बंद गेटाला फक्त कडी लावायची, कुलूप नाही, आणि कडीवर माणसाचा हात हवा. "माणूस गेटावर नको, हात कडीवर हवा," हे काकांचे शब्द.

दुसरा वाद दिव्यांचा. ईस्टरच्या आदल्या शनिवारच्या रात्रीचा जागरणविधी अंधारात सुरू होतो. बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लावून फादर अंधाऱ्या चर्चमध्ये येतात, तीनदा 'ख्रिस्ताचा प्रकाश' गातात, आणि एकाच्या मेणबत्तीवरून दुसऱ्याची पेटत ज्योत शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. आमच्याकडे पुढे विधीत गौरवगीत गातात, तोपर्यंत दिवे लावत नाहीत. गडबड झाली तर लगेच दिवे लावायला काकांना मेन स्विचपाशी माणूस हवा होता. फादर आधी तयारच होईनात. मग म्हणाले, "दोन शिट्ट्या झाल्या तरच. आणि वाजवणारे तुम्ही स्वतः."

त्या रात्री मी शाळेच्या बाजूच्या गेटावर होतो. चर्च भरून माणसं बाहेर मांडवात, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही म्हणून आजकाल सगळं लवकर असतं, त्यामुळे कडेवरच्या पोरांसकट अख्खी कुटुंबं येतात. गेटाबाहेर कुणीतरी नेहमीप्रमाणे दोन बुलेट आडव्या लावून गेलं होतं. युवा संघाच्या पोरांनी हँडल लॉक असलेल्या त्या बुलेट शिव्या घालत उचलून बाजूला ठेवल्या. पवित्र शनिवार होता, पण त्या शिव्यांना माझी हरकत नव्हती.

ज्योत मांडवापर्यंत आली आणि माझ्यापासून चारपाच रांगा पुढे एका मुलीची ओढणी पेटली. मागच्या पोराच्या मेणबत्तीला ठिबक धरायला कागदाचा कप होता, आधी तो भडकला. जवळच्या स्वयंसेवकाने ओलं गोणपाट टाकलं, संपलं. जळक्या नायलॉनचा वास आला इतकंच. मुलीला चटकाही बसला नाही. पण तिची आई "आग!" म्हणून किंचाळली होती. मागच्यांना काही दिसलं नाही, फक्त ऐकू आलं, आणि दोन रांगा ओलांडेपर्यंत त्या आगीचा 'बॉम्ब' झाला होता.

मी लोकांकडे तोंड करून होतो म्हणून मला ते दिसलं. ज्योती एकदम हलल्या, काही विझल्या आणि खुर्च्या सरकल्याचा आवाज माझ्याकडे येऊ लागला. आपल्या गर्दीत माणूस धावत नाही, आधी खुर्ची मागे ढकलतो आणि मागच्याचे पाय अडकतात. मी कडी काढून दोन्ही फाळक्या बाहेर लोटल्या. तेवढ्यात दोन शिट्ट्या झाल्या आणि सगळे दिवे लागले.

उजेड पडला तसा लोकांचा जोर ओसरला. समोर मांडव धड उभा, धूर नाही, फादर माइकवर सांगताहेत, "काही झालेलं नाही, आहात तिथेच बसा." पुढचे थांबले. तरी कडेचे शंभरएक लोक गेटातून बाहेर पडलेच, पण चालत. एक आजी खुर्च्यांत पडल्या, गुडघा सोलवटला. मी हात दिला तर म्हणतात, "माझी चप्पल?" "आजी, चप्पल राहू दे, आधी बाहेर या." आल्या नाहीत. चप्पल सापडल्यावर आल्या.

फादरांनी दिवे पुन्हा मालवले आणि विधी पुढे सुरू केला. बाहेर गेलेले बहुतेक परत आले. दुसऱ्या दिवशी एका बाईंनी तक्रार केली की दिव्यांनी पास्काच्या स्तोत्राचा विचका झाला. काकांनी नम्रपणे माफी मागितली. मला नसती जमली.

नंतरच्या बैठकीत कुणीतरी सेलवरच्या मेणबत्त्या सुचवल्या. महिला मंडळाने तो ठराव तिथेच पाडला. कागदी कप गेले, मांडवाची कडेची कापडं गेली, खुर्च्यांच्या दोन ब्लॉकमध्ये रुंद वाट सुटली. बॅग तपासणी आम्ही गेटावरून काढून मैदानाच्या तोंडाशी नेली, म्हणजे संशय घ्यायचा तो तिथे घ्यायचा आणि आतली गेटं सताड उघडी. पोलिसांनाही ते पटलं. एका टेबलाची चार झाली, माणसं कमी पडली, तेव्हा टेबलं महिला मंडळाकडे गेली. त्या पर्स उघडायच्या आधी "कुणाची गं तू?" विचारतात आणि अर्ध्या मिनिटात तीन पिढ्यांचा पत्ता लावतात. पोरांना अजून वॉकीटॉकीच हवी असते. कडीवर हात ठेवून तासभर उभं राहायला कुणी तयार नसतं, म्हणून ते काम मी आणि काका वाटून घेतो.