८६ वरचे तीन कीटोन

२-पेन्टॅनोन, ३-पेन्टॅनोन आणि ३-मिथाइल-२-ब्युटॅनोन हे तिघेही समघटक, म्हणजे अणू तेच, मांडणी वेगळी. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणू तोडून तुकड्यांची वस्तुमानं मोजणाऱ्या यंत्रात, मॉलिक्युलर आयन (न तुटलेला, विद्युतभारित रेणू) तिघांचा ८६ वर. ७० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांचा मारा झाला की कोण कुठे तुटतो, त्यावरून त्यांना ओळखायचं.

कार्बोनिललगतचा (C=O लगतचा) बंध सहज तुटतो. ३-पेन्टॅनोनमध्ये दोन्हीकडे इथाइल, त्यामुळे २९ जाऊन ठसठशीत ५७ उरतो. बाकी दोघांचं बेस पीक (सर्वांत उंच पीक) मात्र ४३, आणि ७१ सुद्धा दोघांत. इथे ५८ शोधा. २-पेन्टॅनोनच्या गॅमा (कार्बोनिलपासून तिसऱ्या) कार्बनवरचा हायड्रोजन सहा अणूंच्या कड्यातून ऑक्सिजनवर जातो आणि २८ चं इथिलीन सुटतं. हीच मॅकलॅफर्टी पुनर्रचना. फांदीवाल्या ३-मिथाइल-२-ब्युटॅनोनकडे गॅमा कार्बनच नाही, मग ५८ येणार कुठून?

हा ५८ ठेंगणा असतो. पार्श्वभूमी वजा करताना हात सैल सुटला की तोच आधी गायब होतो. उलट ३-पेन्टॅनोनमध्ये ५८ वर काहीतरी दिसतंच: ५७ चा कार्बन-१३ वाला जोडीदार, ५७ च्या साधारण ३.३ टक्के. त्याला मॅकलॅफर्टी समजू नका.

ब्युटॅनॉलांमध्ये मॉलिक्युलर आयनचा ७४ जवळपास दिसतच नाही. १-ब्युटॅनॉल ३१ देतं, २-ब्युटॅनॉल ४५, टर्शरी ५९. हवेचे २८ आणि ३२ टाळायला स्कॅन ३५ पासून लावण्याची सवय असते. मग ३१ दिसणार कसा? अल्कोहोलसाठी २९ पासूनच लावावा, ३२ खुशाल दिसू दे.

बेंझीन कड्यावर ऑर्थो, म्हणजे लगतची, जागा बोलते. मिथाइल सॅलिसिलेटमधला शेजारचा हायड्रॉक्सिल हायड्रोजन देतो, ३२ चं मिथेनॉल जातं आणि १५२ वरून १२० मिळतो. पॅरा (समोरासमोरच्या जागेच्या) समघटकात फक्त मिथॉक्सी जातो, म्हणजे १२१. फरक एकाच एककाचा, तेव्हा आधी मास कॅलिब्रेशन तपासा.

ऑर्थो, मेटा, पॅरा झायलीन मात्र दाद देत नाहीत. तिघांतही ९१ आणि १०६, नमुना स्पेक्ट्रमांशी जुळवणी करणारी लायब्ररी तिघांनाही भरघोस गुण देते; त्या गुणांवर नाव लिहिणं म्हणजे शुद्ध अंदाज. वस्तुमानं एकामागून एक मोजणाऱ्या क्वाड्रुपोलमध्ये तर क्रोमॅटोग्राफच्या कॉलममधून येणाऱ्या पीकच्या चढावर आणि उतारावर घेतलेल्या स्कॅनमधली गुणोत्तरंही वेगळी येतात, कारण एक स्कॅन पुरा होईतो सांद्रता बदललेली असते. निदान पूर्ण पीकची सरासरी घ्या. नाव मात्र रिटेन्शन टाइमवरूनच, म्हणजे कॉलममधून बाहेर यायला लागणाऱ्या वेळेवरूनच, ठरवा. पाच टक्के फिनाइलच्या कॉलमवर मेटा-पॅरा एकत्रच येतात. वॅक्स कॉलमवर पॅरा आधी, मग मेटा, शेवटी ऑर्थो.