राजा कुठल्या बाजूला?

मी १९९४ च्या बॅचचा. स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून ग्रुपवर सगळे मागे लागलेत. डबे, छड्या, गॅदरिंग यावर बाकीचे लिहितीलच, मी आपला एक हरलेला डाव सांगतो.

नववीत साताऱ्याला बुद्धिबळाची जिल्ह्याची स्पर्धा, शेवटचा राऊंड, मी काळी घेऊन खेळत होतो. मारामारी होऊन पटावर उरलं एवढंच: दोघांचे राजे, एकेक हत्ती आणि समोरच्याचं एक प्यादं ई५ वर (पटावरच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८). त्याचा राजा डी५, हत्ती एच७. माझा राजा ई८ ला, हत्ती ए१, आणि चाल माझी. प्यादं कमी म्हणजे हरलोच, हे मी मनात आधीच ठरवून टाकलेलं. हत्ती ई१ ला, प्याद्याच्या मागे नेला, त्याचा राजा ई६ ला आला, मी राजा डी८ ला सरकवला, आणि मग थोड्या चालींत प्यादं सातव्या पट्टीवर पोचलं तसा मी हात पुढे केला.

परतीच्या एसटीत सर (शिकवायचे चित्रकला, पण बुद्धिबळाच्या कपाटाची चावी त्यांच्याकडे) म्हणाले, "लेका, ड्रॉ होता की रे! हत्ती ए६ ला आणून नुसतं सहाव्या पट्टीवर बसायचं, त्याचा राजा पुढे येतो कसा? प्यादं ढकललं की हत्ती खाली पहिल्या पट्टीवर न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं, राजाला आडोसाच उरत नाही." मला ते पटलं नाही, गाव येईपर्यंत वाद घातला. ही युक्ती फिलिडोर नावाच्या फ्रेंच खेळाडूने १७७७ मध्येच मांडून ठेवलेली, हे कळायला मला कॉलेज उजाडलं. तेव्हापासून मनात पक्कं बसलं की आपण ए६ खेळलो नाही म्हणून हरलो.

२०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ वर्ल्ड कप जिंकला आणि घरात लेकीचं बुद्धिबळ सुरू झालं, तेव्हा मार्कशीटच्या फाइलमधून तो डाव लिहिलेला कागद काढला. आता सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या स्थिती कम्प्युटरने सोडवून ठेवल्यात, माझ्या तर पाचच. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर मांडलं. ए६ ला हत्ती, ड्रॉ, सर बरोबर. पण मी खेळलेला ई१, तोसुद्धा ड्रॉ! तीनदा तपासलं.

चूक पुढच्या चालीत होती. त्याचा राजा ई६ ला आल्यावर एच८ ला हत्तीची मात दिसत होती, राजा हलवणं भागच होतं, आणि मला डी८ कडे जास्त हवा वाटली, चार पट्ट्या मोकळ्या ना. तिथेच गळा कापला गेला. खरं तर राजाने लहान बाजूला, म्हणजे प्याद्याच्या ज्या बाजूला तीनच उभ्या पट्ट्या उरतात तिकडे, एफ८ ला जायचं. तो एच८ वर शह देतो, आपण जी७, वर त्याच्याच हत्तीवर मारा. मोठी बाजू आपल्या हत्तीसाठी मोकळी सोडायची, म्हणजे ए पट्टीवरून लांबून आडवे शह देता येतात. मी राजालाच तिकडे नेऊन बसवला, मग हत्तीला उरली एच पट्टी, आणि तिथून आडवा शह दिला तर त्याचा राजा दोन पावलांत अंगावर.

म्हणजे तीसेक वर्षं मी भलत्याच चालीला शिव्या घालत होतो. एसटीतल्या भांडणात डी८ चा विषयच निघाला नव्हता, आम्ही ए६ वरच अडकलेलो.

सरांना फोन केला. ऐंशी पार केलीय, आवाज तोच. म्हणाले, "मशीनचं मला सांगू नकोस, चाली पाठव, मी पट मांडतो." दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज आला: "एफ८ बरोबर आहे. पण ए६ सोपं होतं, तुझ्यासारख्याने तेच खेळायचं."