दोन टनाचा पाईप वर आला तेव्हा

गोव्यात तिसवाडीत मांडवी नदीच्या अंगाला, खाजनाच्या (नदीकाठची बांध घातलेली सखल शेतजमीन) कडेने सीवरची म्हणजे मैलापाण्याची मेन लाईन टाकायचं काम चालू होतं, त्यात मी कन्सल्टंटकडून साईट इंजिनिअर. पाईप टाकणारा कॉन्ट्रॅक्टर वेगळा आणि त्याने टाकलेलं बरोबर आहे का हे बघून सही करायची ती मी. मे महिना सरत आला होता, आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरतो आणि त्याच्या आधी रस्ता बुजवून द्यायचा असतो, त्यामुळे सगळेच घाईत.

लाईन होती 900 मिमीची, आरसीसी ह्यूम पाईप, एनपी-3 क्लास (एनपी म्हणजे नॉन-प्रेशर, दाबाच्या पाण्यासाठी नसलेला). फिरत्या साच्यात काँक्रीट टाकून हा पाईप करतात, ऑस्ट्रेलियात वॉल्टर ह्यूमने 1910 च्या सुमारास काढलेली ही पद्धत. आतून 900, भिंत 100 मिमी जाड, म्हणजे बाहेरून 1100. एक पाईप अडीच मीटर लांब आणि वजन जवळपास दोन टन, पोकलेनशिवाय जागचा हलत नाही. एका टोकाला सॉकेट म्हणजे रुंद तोंड, दुसऱ्याला स्पिगॉट म्हणजे त्यात बसणारं टोक, पण गँगमध्ये हे शब्द कोणी वापरत नाही, फिमेल आणि मेल म्हणतात. स्पिगॉटवर रबर रिंग चढवायची, साबणाचं पाणी लावायचं (ग्रीस अजिबात नाही, ग्रीसने रबर खराब होतं) आणि चेन पुलरने ओढून सॉकेटमध्ये बसवायचा. टाकायला सुरुवात कायम खालच्या टोकाकडून, सॉकेटचं तोंड वरच्या बाजूला.

स्लोप होता 1 ला 800. लोकांना वाटतं गटाराची लाईन म्हणजे खोल खणलं, पाईप टाकला, झालं. पण 1 ला 800 म्हणजे एका अख्ख्या पाईपमागे फक्त 3 मिमी उतार. दोन मॅनहोलमधल्या 30 मीटरला साधारण 37 मिमी, बस. एवढ्याशा उतारावर सगळा खेळ, कारण मैलापाणी सेकंदाला निदान 0.6 मीटर वेगाने पळालं तरच आपला गाळ सोबत नेतं, नाहीतर गाळ तळाला बसत जातो. म्हणून आम्ही सगळं इनव्हर्टवर मोजतो, इनव्हर्ट म्हणजे पाईपच्या आतला तळ. रस्त्यापासून किती खोल याला आमच्याकडे किंमत नाही, रस्ता वरखाली असतो.

तर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोन मॅनहोलमधली पूर्ण लाईन बसली होती. ट्रेनी म्हणून डिचोलीची एक मुलगी होती, नुकताच डिप्लोमा झालेला, तिने ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून प्रत्येक पाईपच्या माथ्याचं रीडिंग घेतलं, त्यातून 1 मीटर वजा केला की (900 आणि वरची भिंत 100) इनव्हर्ट मिळतो. सगळी रीडिंग दोनचार मिमीच्या आत. काम सुंदर झालं होतं हे मोकळेपणाने सांगतो, मेस्त्री विजापूरकडचा, हात अतिशय स्वच्छ, प्रत्येक सॉकेटखाली खड्डा काढून पाईपचं पोट बेडिंगवर, म्हणजे खालच्या खडीच्या थरावर, पूर्ण टेकवलेलं. बऱ्याच ठिकाणी हा खड्डा काढतच नाहीत आणि मग अख्खा पाईप दोन सॉकेटवर पुलासारखा उभा राहतो, वरून ट्रक गेला की तडा.

राहिलं होतं ते हॉन्चिंग आणि पहिला भराव. हॉन्चिंग म्हणजे पाईपच्या दोन्ही कुशीत, पोटाखालच्या कोपऱ्यात बारीक खडी ठासून भरायची. आणि पाण्याची टेस्ट व्हायच्या आधी जोड उघडे ठेवून प्रत्येक पाईपच्या मधल्या भागावर माती टाकायची, जोड गळतो का ते दिसावं पण पाईप जागचा हलू नये म्हणून. मी साईट ऑर्डर बुकात लिहून दिलं होतं की हे झाल्याशिवाय टोकं बंद करायची नाहीत आणि रात्री पंप बंद ठेवायचा नाही. पाणी कायम येणारच होतं, खाजनाच्या कडेला दीड मीटर खणलं की पाणी लागतं आणि आमचा तळ होता साडेतीनवर.

आम्ही निघत होतो तेव्हा शेजारच्या घरातले काका गेटवर उभे होते. खणल्यापासून त्यांची गाडी बाहेर काढता येत नव्हती तरी रोज संध्याकाळी येऊन काम बघायचे. म्हणाले, "आयज पुनव मरे, रातची भरती व्हड येतली." म्हणजे आज पौर्णिमा, रात्री भरती मोठी येणार. मी मेस्त्रीला परत सांगितलं, पंप चालू ठेवा.

पहाटे वॉचमनचा फोन. साहेब, पाईप वर आला.

पोचलो तेव्हा उजाडत होतं आणि रात्री गडगडून पडलेला पाऊस थांबला होता. ट्रेंच म्हणजे खणलेला चर पाण्याने भरलेला, पंप बंद, आणि त्या तांबड्या पाण्यातून मधल्या काही पाईपांचे माथे कमानीसारखे वर निघालेले. पंपाची टाकी कोरडी होती. नंतर कळलं की सब-कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने डिझेल वाचवायला रात्री भरलंच नव्हतं, आणि संध्याकाळी आम्ही गेल्यावर दोन्ही टोकांना विटांचे प्लग बांधून घेतले होते, सकाळी लगेच टेस्ट लावता यावी म्हणून. हॉन्चिंग सोडलं होतं कारण त्याचं बिल वेगळं मिळत नाही असं त्याच्या डोक्यात. बिलात ते पाईप लेइंगच्या रेटमध्येच धरलेलं असतं, म्हणजे पैसे मिळतात, फक्त वेगळी ओळ दिसत नाही.

बाकीचं काम मानशीने केलं. खाजन ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे, बांधाला मानस म्हणजे पाण्याचा दरवाजा असतो, त्याची लाकडी दारं भरती आली की नदीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात, शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून. शेकडो वर्षांची जुनी आणि अगदी हुशारीची व्यवस्था. पण भरतीला दारं मिटलेली असताना आतल्या बाजूला जोराचा पाऊस पडला तर त्या पाण्याला जायला वाट नाही. पुनवेची भरती आपल्याकडे मध्यरात्रीच्या आगेमागे येते आणि पाऊस नेमका तेव्हाच पडला. आजूबाजूचं सगळं पाणी सखल जागा शोधत आमच्या ट्रेंचमध्ये आलं.

सब-कॉन्ट्रॅक्टर आला तो तावातच. दोन टनाचा पाईप तरंगतो होय, काहीतरी तुमच्या बेडिंगमध्येच गडबड असणार, असं त्याचं म्हणणं. मी वाद घातला नाही, ट्रेनीला म्हटलं हिशोब कर. तिने सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर पेनने केला, सगळे भोवती उभे. बाहेरचा व्यास 1.1 मीटर, म्हणजे एक मीटर लांबीला पाईप पाणी बाजूला सारतो सुमारे 0.95 घनमीटर, म्हणजे 950 किलो. आता काँक्रीट किती, तर बाहेरच्या वर्तुळातून आतलं वजा केलं की 0.314 घनमीटर, घनमीटरला 2450 किलो धरले तर 770 किलो. वर ढकलणारं 950, खाली दाबणारं 770. प्रत्येक मीटरला 180 किलो पाणी जिंकतंय, एका पाईपमागे साडेचारशे. टोकं उघडी असती तर पाणी आत शिरलं असतं आणि पाईप जागेवर बसून राहिला असता. तोंड बांधून घागर विहिरीत ढकलायला गेलं की काय होतं ते गावात वाढलेल्या कोणालाही माहीत आहे, इथे घागर दोन टनाची एवढंच.

आणि माथ्यावर नुसती अर्धा मीटर माती असती तर? पाण्यात बुडालेल्या मातीचं वजन घनमीटरला टनाच्या जरा खाली धरलं तरी मीटरला पाचशे किलोच्या वर भार झाला असता, 180 च्या पुढे तो भरपूर. मुलगी हे शेवटचं बोलली तेव्हा मेस्त्रीने नुसती मान हलवली. सब-कॉन्ट्रॅक्टर पिशवी हातात घेऊन बराच वेळ आकडे बघत राहिला, मग बोलला काही नाही.

आता खरी अडचण पुढे होती. पोकलेनवाला म्हणाला, सायबा, बकेट माथ्यावर ठेवून हळू दाबतो, जाईल खाली. ही सगळ्यात सोपी वाटणारी आणि सगळ्यात वाईट गोष्ट, मी ताबडतोब मशीन बंद करायला लावलं. पाईप वर उचलला गेला की खाली पोकळी होते, त्या पोकळीत पाण्याबरोबर गाळ शिरतो, मग दाबलं तरी पाईप गाळावर बसतो, बेडिंगवर नाही. वरून बघितलं तर सरळ दिसेल, दोन पावसाळ्यांत खचेल.

पाणी उपसायचं तेही दमाने. एकदम खाली ओढलं तर बाजूच्या भिजलेल्या मातीला पाण्याचा आधार सुटतो आणि कडा आत येतात. शोरिंगच्या (कडा धरून ठेवणाऱ्या) प्लेट आणि आडवे टेकू तपासल्याशिवाय मी एकालाही खाली उतरू दिलं नाही, गँगची कुरकुर झाली, दिवस फुकट जातोय म्हणून. साडेतीन मीटर खोल ओल्या ट्रेंचमध्ये माती कोसळली तर माणूस वर काढेपर्यंत संपलेला असतो. यावर मी कोणाचं ऐकत नाही.

दुपारी तळ दिसला. मी आणि मेस्त्री खाली उतरलो. सगळ्यात वर आलेल्या पाईपचा जोड वरच्या बाजूने चार बोटं उघडला होता आणि खालून मिटलेला, म्हणजे पाईप वाकून उचलला गेला होता. रबर रिंग सॉकेटच्या बाहेर अर्धी लोंबत होती, एका जागी चिमटून चपटी झालेली, तिथे रबर पांढरं पडलेलं. मी फटीत हात घातला तर पार कोपरापर्यंत मऊ काळा गाळ, खाजनाचा वास असलेला, आणि त्या गाळात एक छोटी कुर्ली (खेकडा) अंग चोरून बसली होती. सॉकेटच्या कडेवरून बोट फिरवलं तर केसासारखा तडा लागला, डोळ्याला दिसत नव्हता, पाणी शिंपडून पुसल्यावर ओली रेघ राहिली. असे दोन पाईप निघाले, दोन्ही तिथेच लाल रंगाने फुली मारून बाजूला काढले.

ट्रेनीने परत लेव्हल घेतली. मधला पाईप 110 मिमी वर. सबंध 30 मीटरला उतार 37 मिमी आणि मध्ये हा 110 चा उंचवटा. तसंच बुजवलं असतं तर वरच्या बाजूला मैलापाणी कायमचं साचून राहिलं असतं.

आणि साचलेलं मैलापाणी म्हणजे नुसता वास नाही, हे मला इथे मुद्दाम लिहायचंय. साचलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाईड हा विषारी वायू निघतो. पाईपच्या आतल्या माथ्यावर, ज्याला क्राऊन म्हणतात, तिथल्या ओलाव्यात जिवाणू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात आणि काँक्रीट वरून खात खाली येतात, वर्षानुवर्षं, कोणाला न दिसता. आणि लाईन चोक झाली की कोणीतरी कोणालातरी मॅनहोलमध्ये उतरवतो. 2013 च्या कायद्याने विनासुरक्षा माणूस असा उतरवायला बंदी आहे तरी बातम्या येतच राहतात, एक बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दोघेही जातात. त्यातल्या कित्येक मॅनहोलच्या आसपास असा एखादा चुकलेला इनव्हर्ट असणार असं मला कायम वाटतं. कुशीत खडी ठासायला एका गँगला अर्धा दिवस लागतो.

उचललेले सगळे पाईप आम्ही बाहेर काढले, गाळ खरवडून बेडिंग नव्याने केलं, रिंगा सगळ्या नवीन. वाकलेली रिंग धुऊन परत वापरायचा आग्रह झाला, नाही म्हटलं. या वेळी हॉन्चिंग करताना सब-कॉन्ट्रॅक्टर स्वतः ट्रेंचमध्ये उतरला होता. मी त्याला तिथे बेडिंगचा आकडाही सांगितला: तोच पाईप सपाट जमिनीवर नुसता ठेवला तर बेडिंगचा फॅक्टर 1.1, खडीच्या बेडिंगवर कुशी नीट ठासून बसवला तर 1.9. म्हणजे एक रुपयाही जास्तीचा पाईप न घेता जवळपास पावणेदोन पट भार पेलतो. हे त्याने डायरीत लिहून घेतलं.

मग मधल्या भागांवर माती, मग प्लग, मग पाण्याची टेस्ट. एका जोडावर घाम फुटल्यासारखे थेंब आले, तो पुन्हा खोलून बसवला, बाकी सगळे कोरडे. शेवटचं रीडिंग ट्रेनीने घेतलं आणि मी दुसऱ्या बाजूने चेक केलं, मधला पाईप 2 मिमीने खाली, पास. पाऊस धरायच्या आत भराव पूर्ण होऊन वर रस्ता झाला, काकांची गाडी बाहेर निघाली.

तेव्हापासून त्या साईटवर रात्रीच्या पंपाचं डिझेल आमच्या रजिस्टरमध्ये सही करून भरलं जातं, आणि प्लग बांधायची परवानगी कागदावर ट्रेनीच देते, भराव स्वतः मोजून झाल्यावर. पंचांगही साईट ऑफिसात टांगलंय, पुनव आणि अवस लाल पेनने गोल केलेली. पुढचा टप्पा मानशीच्या अगदी जवळून जातो, तिथे आम्ही पाईपखाली आणि बाजूने काँक्रीटच भरायचं ड्रॉईंग मंजूर करून घेतलंय, ते काम आता पावसानंतर.